हिरव्या पुस्तकाची वीस वर्षे

मुंबई 400 008. या एकाच पिन कोडात तीन ठिकाणे येतात. भायखळ्याचे सर जे. जे. रुग्णालय, मुंबई सेंट्रलला असलेले सिप्ला कंपनीचे जुने मुख्य कार्यालय, आणि तिथून जवळच असलेली कामाठीपुऱ्याची वेश्यावस्ती. नव्वदच्या दशकात एचआयव्हीने खंगलेली माणसे जे. जे.च्या खाटांवर शेवटचे दिवस मोजत होती. सिप्लात त्यांना वाचवू शकणारी औषधे स्वस्तात बनवण्याची विद्या आकार घेत होती. आणि कामाठीपुऱ्याच्या माथी रोगाचे सगळे खापर फोडून शहर मोकळे झाले होते. तिन्ही ठिकाणे पायी पालथी घालता येतील इतकी जवळ. पण औषध गरीब माणसाच्या हातात फुकट पडायला 1 एप्रिल 2004 हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी केंद्र सरकारची मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधोपचाराची योजना देशातल्या आठ रुग्णालयांत सुरू झाली. जे. जे. त्यांपैकी एक. 1 एप्रिल 2024 रोजी एआरटी केंद्र नावाच्या या संस्थेला वीस वर्षे पूर्ण झाली.

संस्था म्हटले की इमारत, विश्वस्त, संस्थापकांचे तैलचित्र डोळ्यांसमोर येते. एआरटी केंद्राला यातले काहीच नाही. सरकारी रुग्णालयाच्या एखाद्या कोपऱ्यातल्या दोन-तीन खोल्या, बाहेर बाक, आत डॉक्टर, समुपदेशक, औषध देणारा आणि नोंदी ठेवणारा. पण त्या बाकावर बसलेल्यांना विचारले तर ती जागा त्यांच्या आयुष्यात शाळा, देऊळ आणि माहेर यांच्या मधोमध कुठेतरी आहे.

आधीचा काळ आठवल्याशिवाय या खोल्यांचे मोल कळत नाही. भारतात एचआयव्हीचा पहिला शोध 1986 मध्ये मद्रासला लागला. सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने गोळा केलेले रक्ताचे नमुने वेल्लोरला तपासले गेले आणि त्यांतले सहा बाधित निघाले. तिच्या मार्गदर्शक होत्या डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत वाढलेल्या मराठी घरातल्या. पुढे 1993 मध्ये त्यांनी तिथे वाय. आर. गायतोंडे यांच्या नावाने एड्स संशोधन आणि शिक्षणाचे केंद्र काढले. 1992 मध्ये पुण्याला भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’ सुरू झाली. ‘नारी’च्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी 1997 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने कामाठीपुऱ्याकडे बोट दाखवणाऱ्यांचे बोट खाली आणले. पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या, वेश्याव्यवसायात नसलेल्या स्त्रियांपैकी 13.6 टक्के एचआयव्हीबाधित होत्या. बहुतेकींच्या आयुष्यात नवऱ्याखेरीज दुसरा पुरुष आलेला नव्हता.

त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने एक मोठा निकाल दिला. निव्वळ एचआयव्ही आहे म्हणून, काम करण्याची क्षमता असलेल्या माणसाला नोकरी नाकारता येणार नाही. दाद मागणारा कामगार ‘एमएक्स’ या नावाने न्यायालयात उभा होता. खरे नाव लपवून दाद मागण्याची मुभा त्याला न्यायालयाने दिली. औषध यायच्या आधी या आजाराला गुप्ततेची गरज पडली होती, ती अशी. पुढे जे काही घडले त्यात ही गुप्तता सावलीसारखी बरोबर राहिली.

तीन औषधे एकत्र दिली तर विषाणू दबून राहतो हे 1996 पासून माहीत होते. प्रश्न पैशांचा होता. वर्षाच्या उपचाराला दहा ते पंधरा हजार डॉलर लागत. फेब्रुवारी 2001 मध्ये सिप्लाचे डॉ. युसूफ हमीद यांनी तीच तीन औषधे वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केली. भारताच्या 1970 च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हते, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर होते, म्हणून हे शक्य झाले. जगभर खळबळ उडाली. तरीही 350 डॉलर म्हणजे त्या वेळचे सुमारे 16 हजार रुपये. गिरणी बंद पडलेल्या लालबागच्या घरात ते कुठून येणार? लोक दागिने मोडून दोन-चार महिने गोळ्या घेत, पैसे संपले की थांबत, पुन्हा आजारी पडले की पुन्हा घेत. याहून वाईट पद्धत नाही. अर्धवट औषधाने विषाणू मरत नाही, शहाणा होतो. त्या काळात शहाणे झालेले विषाणू पुढे सरकारी केंद्रांना निस्तरावे लागले.

30 नोव्हेंबर 2003 रोजी तत्कालीन आरोग्यमंत्री सुषमा स्वराज यांनी मोफत औषधांची घोषणा केली आणि चार महिन्यांत केंद्रे उघडली. जे. जे.मध्ये जबाबदारी मेडिसिन विभागाच्या डॉ. अलका देशपांडे यांच्याकडे होती. सुरुवातीचा नियम कडक होता. रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या सीडीफोर पेशी 200 च्या खाली गेल्या की औषध. निरोगी माणसात त्या 500 च्या वर असतात, म्हणजे घर जवळजवळ कोसळल्यावर टेकू द्यायचा. आलेल्यांपैकी कित्येक जण क्षयाने इतके खंगलेले असत की पहिली गोळी नातेवाईक तोंडात घालत.

गोळ्या हातात पडण्याआधी समुपदेशनाच्या फेऱ्या असत. औषध जन्मभर घ्यायचे, बरोबर काळजी घेणारे कुणीतरी आणायचे, पत्त्याचा पुरावा द्यायचा. हेतू चांगला होता, माणूस मध्येच सुटू नये. पण ज्या बाईचे नाव कुठल्याच रेशनकार्डावर नाही तिने पुरावा कुठला आणावा? आणि ज्याने घरात अजून सांगितलेलेच नाही त्याने सोबत कुणाला आणावे? पहिल्या वर्षांत या दोन अटींपाशी अडलेली माणसे कमी नव्हती. स्वयंसेवी संस्थांच्या कार्यकर्त्यांनी आणि बाधितांच्या संघटनांनी त्यांचे पालकत्व घेतले. कित्येकांच्या अर्जावर ‘नातेवाईक’ म्हणून सही करणारा माणूस त्याच्या रक्ताचा नव्हता, त्याच आजाराचा होता.

मग हातात यायचे ते हिरवे पुस्तक. रुग्णाजवळ राहणारी ही छोटी वही: वजन, सीडीफोर, औषधाचे नाव, पुढची तारीख, उरलेल्या गोळ्या. केंद्राकडे राहते ते पांढरे कार्ड. दर महिन्याला डबी आणायची, उरलेल्या गोळ्या मोजायच्या. सकाळी एक, रात्री एक, महिन्याला साठ. 95 टक्के गोळ्या घेतल्या तरच औषध नीट काम करते, असे तेव्हाचे शास्त्र सांगत होते. म्हणजे साठातल्या तीनच चुकल्या तर चालतील. रक्तदाबाची, साखरेची गोळी ज्या देशात आठवेल तेव्हा घेतली जाते, तिथे ही परीक्षा होती.

नेव्हिरॅपिन हे त्या वेळच्या मिश्रणातले एक औषध होते आणि त्याची एक खोड होती. गोळ्या अचानक थांबवल्या की जोडीची दोन औषधे लवकर उतरतात, नेव्हिरॅपिन मात्र कित्येक दिवस रक्तात रेंगाळते. त्या दिवसांत विषाणूसमोर तिघांऐवजी एकटाच पहारेकरी उभा असतो. विषाणूत एकच बदल झाला की तो त्याला चुकवून जातो, आणि एकदा गेला की ते औषध त्या माणसाला पुन्हा उपयोगाचे राहत नाही. गावच्या जत्रेला गेलो, डबी मुंबईत राहिली, या एका वाक्यामागे एवढे सगळे घडत असे.

या संस्थेचे मोठेपण पुढच्या टप्प्यात दिसते. सुरुवातीला केंद्रात प्रश्न एकच होता, ‘गोळी चुकली का?’ उत्तर ठरलेले: ‘नाही, मॅडम.’ औषध बंद होईल या भीतीने माणसे उरलेल्या गोळ्या वाटेत टाकून रिकामी डबी घेऊन येत. मोजणी बरोबर निघे, वजन मात्र उतरलेले दिसे. हळूहळू समुपदेशकांनी प्रश्न बदलला. ‘गोळी का चुकते?’ असे विचारल्यावर बाके बोलू लागली. सासू डबी बघते म्हणून गोळ्या तांदळाच्या डब्यात. दुकानाचा मालक विचारतो म्हणून डबीवरचा कागद सोलून ‘व्हिटॅमिनच्या आहेत’ म्हणायचे. एकाच खोलीत आठ जण झोपतात, रात्री दिवा लावता येत नाही. रात्रपाळी असली की ‘सकाळ’ म्हणजे नेमकी कुठली? उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळते, आणि पोट उपाशी आहे हे डॉक्टरांना सांगायला लाज वाटते. काही जण म्हणाले, गोळी हातात घेतली की रोज नव्याने रोग झाल्यासारखे वाटते.

यातल्या एकाही कारणाला हलगर्जीपणा म्हणता येणार नाही. जगभरच्या अभ्यासांत एक गोष्ट सातत्याने दिसली आहे: ज्याला नैराश्य आहे त्याच्या गोळ्या जास्त चुकतात. गोळ्या चुकल्या की विषाणू वाढतो, आजारपण येते, नैराश्य आणखी खोल जाते. हे चक्र कुठेतरी तोडायचे तर गोळीच्या आधी मनाकडे जावे लागते. एआरटी केंद्रे हे पुस्तकातून शिकण्याआधी बाकावरून शिकली, असे म्हणायला हवे. समुपदेशकांनी मोबाइलचे गजर लावून दिले, गोळीची वेळ मालिकेच्या वेळेशी किंवा तुळशीपुढच्या दिव्याशी जोडून दिली, नवऱ्याला वेगळ्या दिवशी बोलावून त्याच्याशी संवाद साधला. एकेका समुपदेशकामागे शेकडो रुग्ण, पगार तुटपुंजा, नेमणूक कंत्राटी. या संस्थेच्या इतिहासात कुणाचे तैलचित्र लावायचेच असेल तर ते यांचे लावावे.

औषधांचाही आपला इतिहास आहे आणि तो चेहऱ्यावर लिहिला गेला. पहिल्या मिश्रणातल्या स्टॅव्हुडिनने हजारो जीव वाचवले. काही वर्षांनी त्याच माणसांचे गाल आत गेले, हातापायांवरच्या शिरा उठून दिसू लागल्या, तळपायांची आग होऊ लागली. वजन भरून कामाला लागलेला माणूस गल्लीत ओळखला जाऊ लागला, कारण तसे गाल आणखी कुणाचे नव्हते. जो चेहरा लपवायचा तोच औषधाने उघड केला. जगण्याचे मोल देऊन वर्षे विकत घेतल्यासारखे ते होते आणि बाधितांच्या संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला तो योग्यच होता. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध टप्प्याटप्प्याने बंद करण्यास सांगितले. त्याच्या जागी आलेल्या झिडोवुडिनने काहींचे रक्त कमी केले, नखे काळी पडली. मग टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि एफाविरेन्झ यांची एकच गोळी आली, रात्री झोपताना घ्यायची. साठाच्या तीस झाल्या, दिवसाची लपवाछपवी संपली. एफाविरेन्झने चक्कर येई आणि विलक्षण स्पष्ट स्वप्ने पडत. गेलेली माणसे स्वप्नात येतात, असे सांगणारे रुग्ण डॉक्टरांना भेटत. 2020 नंतर एफाविरेन्झची जागा डोल्युटेग्राविरने घेतली. हे औषध विषाणूला लवकर दाबते आणि एखाददुसरी गोळी चुकली तरी पटकन हार मानत नाही. वजन वाढते ही त्याची तक्रार. ज्यांनी 2004 मध्ये हाडांचे सापळे पाहिले त्यांना ही तक्रार ऐकताना काय वाटत असेल!

पहिल्या फळीची औषधे निकामी झालेल्यांसाठी दुसऱ्या फळीची औषधे जानेवारी 2008 मध्ये देशात दोनच ठिकाणी सुरू झाली, चेन्नईजवळच्या तांबरमला आणि जे. जे.ला. विदर्भातला रुग्णही त्यासाठी भायखळ्याला येई. ज्यांनी आधी खासगीत औषध घेतले होते त्यांना सुरुवातीला या योजनेबाहेर ठेवले गेले. पैसे संपेपर्यंत स्वतःच्या खिशातून औषध घेतले, हा जणू त्यांचा गुन्हा. सर्वोच्च न्यायालयातल्या लढ्यानंतर 2010 च्या अखेरीस ही भिंत पडली.

2011 साल मात्र आनंदाचे. नऊ देशांतल्या 1763 जोडप्यांवर झालेल्या एका चाचणीचा निष्कर्ष मे महिन्यात जाहीर झाला. जोडप्यातला एक बाधित, एक नाही. बाधिताला लवकर औषध सुरू केले तर जोडीदाराला लागण होण्याचा धोका 96 टक्क्यांनी घटतो, असे दिसून आले. या चाचणीत पुण्याची ‘नारी’ आणि चेन्नईचे डॉ. सॉलोमन यांचे केंद्र सहभागी होते, म्हणजे या ज्ञानात पुण्याच्या जोडप्यांचाही वाटा आहे. रोज गोळी घेऊन विषाणू रक्तात सापडेनासा झाला की तो शरीरसंबंधातून पसरत नाही, हे पुढे पक्के झाले. समुपदेशनाच्या खोलीत या एका वाक्याने जेवढा ताण उतरवला तेवढा कुठल्या उपदेशाने उतरला नसेल. मी माझ्या माणसाला रोग देईन, ही भीती वर्षानुवर्षे उशाला घेऊन झोपलेल्यांना गोळी घ्यायला नवे कारण मिळाले. डॉ. सॉलोमन तर बाधितांची लग्नेही जुळवत. चेन्नईतल्या त्यांच्या या कामावर ‘लव्हसिक’ नावाचा माहितीपट निघाला. 2015 मध्ये त्या गेल्या.

औषधाची अट हळूहळू सैल होत गेली. सीडीफोरचा उंबरठा 200 वरून 350, मग 500. 2014 पासून प्रत्येक बाधित गर्भवतीला जन्मभराचे औषध, आणि 2017 मध्ये निदान होताच प्रत्येकाला. यातून केंद्रासमोर नवेच माणूस आले, ज्याला काहीच होत नाही असे. मरणाच्या दारातून परतलेला माणूस गोळी विसरत नाही. धडधाकट माणसाला मात्र रोज गोळी का घ्यायची हे पटवावे लागते, आणि त्यासाठी त्याच्याजवळ आजार कबूल करायचे बळ लागते. 2018 पासून विषाणूंची नियमित मोजणी आली, तेव्हा गोळ्या मोजण्याची गरज घटली. रक्त खोटे बोलत नाही, आणि ‘तुमचा विषाणू सापडत नाही’ हे ऐकून लोक पेढे घेऊन येतात.

अंतराचा प्रश्न महाराष्ट्रात फार खरा आहे. बीडची ऊसतोड टोळी दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर-सांगलीकडे, कर्नाटकात जाते आणि उन्हाळ्यात परतते. टोळीतल्या बाधित बाईने दर महिन्याला बीडला यायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडते, मुकादमाला कारण सांगावे लागते. जिल्ह्याच्या केंद्रांना जोडलेली तालुक्याची लिंक केंद्रे आणि एका जिल्ह्यातून दुसऱ्यात नोंदणी हलवून घेण्याची सोय यांनी तिचा त्रास कमी केला. एसटीने एचआयव्हीबाधितांना मोफत प्रवासाची सवलत दिली आहे. पण सवलतीचा कागद कंडक्टरला दाखवावा लागतो, आणि कंडक्टर गावचाच असतो. म्हणून पूर्ण तिकीट काढून जाणारे आहेत. सोय करताना गुप्ततेचा विचार मागे राहिला की काय होते, याचे हे साधे उदाहरण.

मुलांचे औषध 2006 च्या अखेरीस सुरू झाले. ती मुले आता तिशीकडे निघाली आहेत. लहानपणी त्यांना ‘ताकदीची गोळी’ म्हणून दिली गेली. दहाव्या-बाराव्या वर्षी एखाद्या दुपारी खरे सांगायची वेळ आली आणि ते सांगणारे आई-बाप बहुतेकदा हयात नव्हते. आजी होती, मामा होता, किंवा पंढरपूर, लातूर, बीड, नगरकडच्या बालगृहातले कुणीतरी. वयात येताना गोळ्या सोडून देणारी मुले सगळ्यात जास्त चटका लावतात. ‘मला विचारलं का, मला हे हवंय का?’ असा त्यांचा राग असतो, आणि त्याला गोळ्यांच्या मोजणीत उत्तर नाही.

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा 2017 मध्ये संमत झाला, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. नोकरी, घर, शाळा, दवाखाना यांत भेदभाव करणे आणि संमतीवाचून कुणाची स्थिती उघड करणे आता कायद्याने चूक आहे. औषधाची जबाबदारी मात्र सरकारने ‘शक्य तितकी’ अशा शब्दांत घेतली आणि तिथे कायदा कच्चा राहिला. या शब्दांची किंमत 2022 च्या उन्हाळ्यानंतर कळली. काही औषधांचा तुटवडा पडला आणि जुलैपासून दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयाबाहेर बाधितांनी आठवडेच्या आठवडे धरणे धरले. अठरा वर्षे ज्यांना ‘एकही गोळी चुकवू नका’ म्हणून सांगितले, त्यांनी तेच वाक्य सरकारला ऐकवले.

त्याआधी 2020 च्या टाळेबंदीत याच यंत्रणेने उजळ बाजू दाखवली होती. एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या देण्यात आल्या. केंद्रातले कर्मचारी, बाधितांच्या संघटनांचे कार्यकर्ते पास काढून, दुचाकीवरून गावोगाव डब्या पोचवत फिरले. पाकिटांवर काहीही लिहिलेले नसे. ठरलेल्या फाट्यावर, देवळामागे, शाळेच्या ओट्यावर ती हातात दिली जात.

आज देशात सुमारे 25 लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत; त्यांपैकी जवळपास चार लाख महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. आठ केंद्रांची संख्या सातशेच्या वर गेली आहे. पहिल्या तुकडीतले लोक म्हातारे होत आहेत. हिरव्या पुस्तकात आता साखर, रक्तदाब, मूत्रपिंडाच्या नोंदी वाढत आहेत, आणि बाकावर नातवंडांच्या गोष्टी निघतात. जागतिक आरोग्य संघटनेची एचआयव्हीबाधितांच्या जीवनमानाची एक प्रश्नावली आहे, 31 प्रश्नांची. झोप कशी लागते, पैसे पुरतात का, भविष्याची भीती वाटते का, असे प्रश्न त्यात आहेत. गोळ्या आणि विषाणू यांची मोजणी जशी नियमित होते, तशी या प्रश्नांची विचारपूस वर्षातून एकदा तरी व्हायला हवी, आणि त्यासाठी समुपदेशकांच्या जागा भरलेल्या, कायम आणि पुरेशा असायला हव्यात. तिसऱ्या दशकात या संस्थेकडून मागायचे असेल तर हेच.

वाचकांकडेही एक मागणे आहे. जवळच्या सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि गुप्त राहते. 1097 या मोफत क्रमांकावर माहिती मिळते. तुमच्या कार्यालयात, चाळीत, वर्गात कुणी ठरावीक वेळी पाठ वळवून एक गोळी घेत असेल, तर कसली म्हणून विचारू नका. पाण्याचा पेला पुढे करा.